बरणीतला बाप

छप्पन सालच्या चैत्रात माझी बायको शरयू बाळंतपणात गेली. पोर वाचली. ती सव्वा महिन्याची झाली आणि तळेगावहून माझ्या सासूबाई, देवकाबाई, तिला न्यायला वर्ध्याला आल्या. मोटार पाचची. गाठोडं बांधून तयार. माझी तर पाचावर धारण बसली. शरयू गेली, आता पोरही गेली तर या घरात मी काय भिंतींशी बोलू?

मी नको म्हणालो, तर त्यांनी अंगणातल्या चिंचेकडे बोट केलं. तिथे वाघळं लटकलेली, एका मादीच्या छातीशी पिल्लू. हे आईचं काम, पुरुषाच्यानं तान्हं पोर सांभाळणं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला संताप आला. अहो, मी शाळेत विज्ञान शिकवतो! शाळेची किल्ली माझ्याकडेच होती. भर उन्हात धावत गेलो आणि औषधी पाण्यात ठेवलेल्या घोडामाशाची, त्या घोड्याच्या तोंडाच्या समुद्री माशाची, बरणी घेऊन आलो.

हा नर आहे मामी, म्हणालो, आणि वर्गात सांगतो तसं सांगत सुटलो. वाघळाला एका खेपेला एकच पिल्लू, तेही आईच्या दुधावर. घोडामाशाची मादी मात्र अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते आणि मोकळी होते. पोटुशी राहतो बाप, कळा सोसतो बाप. शेकडो पोरं त्याच्या पोटातून बाहेर येतात. थांबलो की त्या उठतील, या भीतीनं बोलतच राहिलो.

"मंग? पोरं बाहेर आल्यावर हा काय करते?"

नेमकं तेवढंच मी गाळलं होतं. खोटं सांगितलं असतं तरी त्यांना काय कळणार होतं! पण जीभ रेटेना.

"काही नाही," मी म्हणालो. "वळूनही पाहत नाही."

तेवढ्यात पाळण्यात पोर रडायला लागली. मी दोन्ही हातांनी बरणी धरून उभाच.

"अन् तुम्ही? एक डाव तरी घेतलं हिले?"

नव्हतं घेतलं. देवाशप्पथ, भीती वाटायची. शरयूनं माझ्या हातांवर जीव सोडला होता. त्याच हातांतून हे इवलंसं अंग निसटलं तर? दूध पाजायला शेजारच्या अनुसयाबाई यायच्या, मी दारातून पाहायचो.

"बरणी ठेवा खाली," त्या म्हणाल्या.

ठेवली. पोरीला उचललं तशी तिची मान मागे कलली. देवकाबाईंनी माझा पंजा धरून तिच्या मानेखाली सरकवला. पोरीनं माझा सदरा मुठीत धरला, पण रडणं काही थांबेना. मीही रडत होतो.

नाक्यावर मोटारीचा भोंगा वाजला. देवकाबाईंनी गाठोडं सोडलं आणि पोरीची दुपटी काढून खाटेवर ठेवली.

"उद्याच्या मोटारीनं जाईन मी," त्या म्हणाल्या. "एकली."