पाच तारा

"काका, सुई वर चालली! बंद कराले सांगतलं ना?" धरणावर नव्यानं आलेल्या इंजिनिअर रागिणी म्याडम ओरडल्या.

"बंदचंच बटन दाबून राहिलो, म्याडम." गेट चालवणाऱ्या चंद्रभाननं बटनावरचं बोट उचललं नाही.

गेट किती उघडं ते दाखवणाऱ्या टेबलावरच्या तबकडीत दोन फुटांवरची सुई अडीचवर गेली. बाळापूरकडं पिण्याचं पाणी सोडलं होतं. दोन फुटांचं पाणी अन्सारच्या टरबूजवाडीच्या कडेनं जायचं, चार फुटांचं वाडीवरून. आणि वाडीत, नदीच्या वाळूत, त्याची बायको नसीमबानो लेकरांना घेऊन वेल खुडत होती.

"गेट उघडून राहिलं! उलटं बटन दाबा!"

सुई तीनवर.

गेटच्या आसाला एक सिंक्रो, म्हणजे फिरणं तारेतून कळवणारं छोटं यंत्र, टेबलात सुईखाली दुसरा, मध्ये पाच तारा. तिकडचा जेवढा फिरेल तेवढाच इकडचा. कीर्तनात बुवांनी चरण सोडला की मागचा झीलकरी उचलतो, तसा. तेवीस वर्षं चंद्रभाननं सुईवर शंका घेतली नव्हती. पण दुपारी जळकी वायर बदलून तारा त्यानंच पुन्हा कसल्या होत्या. सुई दोनवर जुळवली, गेट हलवून मात्र पाहिलं नव्हतं.

त्यानं डोळे मिटले. आयुष्यभर कीर्तनात टाळ धरलेला कान मोटरीला लावला. गेट उचलताना ती कण्हते, खाली सोडताना हलकी चालते.

हलकी चालत होती.

"सरका काका, मी दाबते!"

"म्याडम, पाया पडतो, हात नका लावू. सुई खोटी बोलून राहिली."

"अन् तुमीच चुकले असान तर? लेकरं हायेत खाली!"

"म्हनूनच त," तो म्हणाला. "पांडुरंगा, माह्या कानाले सांभाळ."

सुई चारवर टेकली. खाली लोखंडाचा धप्प आवाज झाला आणि सकाळपासूनची पाण्याची घरघर थांबली.

म्याडम खिडकीकडं धावल्या. वाडी कोरडी होती. नसीमबानो पदरानं तोंड पुसत होती.

म्याडमनी जोडणीची पेटी उघडली. "काका, लाल अन् तपकिरी तार अदलाबदल झाली. म्हनून सुई उलटी फिरली."

"मले दोनी सारख्याच दिसतात आजकाल." त्यानं पेटीत वाकून पाहिलं. "साहेबाले कळवा, म्याडम. माह्या नावानं."

मग त्यानं खिशातला पेचकस काढला. मुठीची बाजू त्यांच्याकडं केली, आणि म्याडम पाचही तारा कसेपर्यंत टॉर्च धरून उभा राहिला.