शुक्रवारचा गाळा

“नखं दाखव,” ठकुबाई म्हणाली.

काशीने हात पुढे केला. नखांच्या कडेला लाल रंग होता.

“कुंकू हाय?”

“न्हाय, आत्याबाई. रांगोळीचा रंग हाय.”

“मोकळ्या कपाळाची बाई रांगोळी घालते व्हय? कुनाच्या दारात?”

सुनेने हात पदराआड घेतला.

ठकुबाईचा मुलगा नामा तापाने गेला त्याला वर्ष होत आलं होतं. सासू-सून भिवंडीत एकाच यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरत. शुक्रवारी लूम बंद, आणि दर शुक्रवारी दुपारी काशी कुठेतरी जाई. परत येई तेव्हा चेहरा हलका झालेला असे. ठकुबाईला तेच खटके. ही दुसरं घर करणार, आणि आपण वडप्याला भावाच्या दारात तुकडे मोडत बसणार.

पुढच्या शुक्रवारी ती मागोमाग निघाली. काशी एका रिकाम्या गाळ्यात शिरली. भर उन्हाळ्यात त्याच्या खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. दिवस आणीबाणीचे, बंद दारामागे चार माणसं बसली तरी लोक कान टवकारत.

“मौसी, अंदर क्या चलता है, अल्ला जाने,” समोरचा पानवाला म्हणाला. “सब मुँह पे रुमाल बाँध के बैठते हैं.”

ठकुबाईने दार ढकललं. तिच्याबरोबर रस्त्यावरचा वाराही आत घुसला.

जमिनीवर रांगोळीचा चेहरा होता. बघता बघता नाक, ओठ, हनुवटी विस्कटून गेली. कपाळ आणि एक डोळा तेवढा राहिला. डोळा नामाचा होता.

तिने दार लावून घेतलं.

“बसा, मावशी,” रुमाल खाली ओढत मोरू म्हणाला. तो नामाच्या शेजारचा लूम चालवायचा.

“तू हितं काय करतोस?”

“शिकतो. ह्या बाईंकडं.”

“शिकवत नाही हो, मीही शिकतेच आहे,” शाळेतली तरुण मास्तरीण विद्युल्लता म्हणाली. “एकाचं चित्र सगळे मिळून काढतो. आज काशीची पाळी. नामाचा फोटो नाही ना, म्हणून ज्याला जेवढा आठवतो तेवढा तो सांगतो.”

“फुकट? दुसऱ्याच्या मेल्या मानसापायी कोन गुडघं टेकतं?”

“माझ्या आयचं चित्र काढलं, तवा काशीवहिनीनं रंग चाळून दिलं,” मोरू म्हणाला.

ठकुबाई सुनेकडे वळली. “मला का न्हाय सांगितलंस?”

“येऊ दिलं असतं?”

विस्कटलेला रंग विद्युल्लताने पुठ्ठ्यावर उचलून घेतला. कुणी रागावलं नाही. ठकुबाईला त्याचाच जास्त संशय आला. दाराला पाठ लावून ती मोरूच्या हातांवर नजर ठेवून बसली. तो फक्त रंगाच्या वाट्या पुढे सरकवत होता. नाक झालं. ओठ झाले.

“इतकी टोकदार नव्हती,” ती अखेर म्हणाली. “हनुवटी. माझ्यावर गेला व्हता.”

काशीचा हात थांबला. “जरा बल्बाकडं तोंड करा, आत्याबाई.”

ठकुबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला, मान वर केली आणि हलली नाही.