नीट लावून दिलेली सेटिंग

माझ्या नवऱ्याला पसारा बघवत नाही. स्वतःचा सोडून. त्याचे मोजे कुठल्या खणात असतात हे त्याला लग्नापासून माहीत नाही, पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात एक ओळ इकडची तिकडे दिसली की याच्या पोटात दुखायला लागतं. मी त्याला साहेब म्हणते. त्याला वाटतं कौतुकाने म्हणते.

मी डॉक्टरांच्या आवाजातले अहवाल ऐकून टाइप करते. काम घरीच, आलं तर आलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या टायपिंग विभागात कायमची जागा निघाली, तेव्हा मला ती हवी होती. लाज सोडून सांगते, लहान पोराला खेळणं हवं असतं तशी हवी होती. परीक्षा सोपी होती: डॉक्टर बोलणार, आपण आपल्याच लॅपटॉपवर सोबत टाइप करत जायचं.

आता, माझा वेग माझ्या बोटांत नाही, संक्षेपांत आहे. टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे एडिटरमध्ये, मी ‘रुसं’ लिहून स्पेस दाबली की ‘रुग्णाने शस्त्रक्रियेस लेखी संमती दिली आहे’ असं आख्खं वाक्य उमटतं. असे शेकडो संक्षेप मी वर्षानुवर्षं साठवलेले. रंग, अक्षरांचा आकार, कुठली कळ दाबल्यावर काय व्हावं, सगळं त्याच एका सेटिंगच्या फाइलीत. शेंडा ना बुडखा, पण चालत होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेबांची नजर तिच्यावर पडली.

“ही काय फाइल आहे? रंग इथे, कळा तिथे, मधेच संक्षेप. शी!”

“तुला काय त्रास होतोय? हात लावू नकोस.”

“अगं, वेगवेगळ्या फाइली करायच्या असतात. रंगांची एक, कळांची एक. मुख्य फाइलीने नुसतं एकेकीला हाक मारायची. मी ऑफिसात सगळ्यांना हेच शिकवतो.”

त्याच्या ऑफिसातली माणसं याला चुकवून जेवायला का जातात, हे मला त्या दिवशी कळलं.

“एवढ्या मायेनं करतोय, तर करू दे की,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्याच भल्याचं आहे ना?” आमच्या घरात मायेनं चाललेल्या कामाला नाही म्हणायची सोय नाही. मी उद्याचे कपडे इस्त्री करायला गेले, तेवढ्यात याने माझी फाइल फाडून तिची पाच पिल्लं केली: अक्षरं, कळा, रंग, संक्षेप आणि साफसफाई. वर मुख्य फाइलीत त्यांना वर्णानुक्रमाने उभं केलं. पट्टी घेऊन उभा असलेला शाळामास्तर परवडला.

“चालतंय ना पण?” मी विचारलं.

“एकेक फाइल चालवून बघितलीय.” त्याने माझ्यासमोर संक्षेपांची फाइल चालवली, ‘रुसं’ लिहिलं, वाक्य उमटलं. “चोख!”

मी निवांत झोपले. तो तर घोरतच होता.

परीक्षेला मी एडिटर उघडला, डॉक्टर बोलू लागले, मी ‘रुसं’ लिहून स्पेस दाबली. ‘रुसं’ तसंच राहिलं. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. दुसरा संक्षेप लिहिला, तिसरा लिहिला, सगळे ढिम्म. मग सगळं पूर्ण टाइप करायला घेतलं. डॉक्टर टाके घालत होते आणि मी अजून पोट उघडत होते.

विभागाच्या मुख्य बाईंनी माझ्या मागे उभं राहून वाचलं. “हे ‘रुसं’, ‘पोतउ’ काय आहे?” मी समजावायला तोंड उघडलं, पण त्या हलकेच म्हणाल्या, “हाताला वेग नाही हो तुमच्या,” आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. माझ्या हाताला! मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

घरी आले. संक्षेप एकही चालला नाही, एवढंच मी दारात बोलले. चपला काढायच्या आत साहेबांनी लॅपटॉप हातातून घेतला. चूक त्याला लगेच सापडली. हुशार आहेच तो, म्हणून तर जास्त चीड येते.

“हे बघ! आधीचे संक्षेप पुसून टाकायची एक ओळ तुझ्या फाइलीत अगदी वर होती. मी ती साफसफाईत टाकली. आणि वर्णानुक्रमात संक्षेपानंतर येते साफसफाई! म्हणजे एडिटर उघडला की सगळे संक्षेप भरणार आणि लगेच सगळे पुसणार. एकेकटी फाइल चालवून हे कधी कळलंच नसतं! गंमत आहे ना?”

“आहे ना.”

त्याने क्रम बदलला, मित्रांच्या ग्रुपवर सगळी कथा रंगवून टाकली, तिथे वाहवा झाली. सासूबाईंना काही कळलं नाही, तरी त्यांनी अभिमानाने मान डोलावली. जेवताना कुठे त्याला आठवलं.

“मग, रुजू कधी व्हायचंय?”

“नाही मिळाली नोकरी.”

त्याचा घास हातातच राहिला. तो खरोखर विचार करत होता, कपाळाला आठ्या घालून. मग त्याने डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटलं.

“जाऊ दे गं,” तो म्हणाला. “चूक तर सापडली ना?”

तो मला धीर देत होता.