तालमीच्या भिंतीवरचं काळीज

शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर सयाजी उपांत्य सामन्यात, बॉल पलीकडच्या गोलापाशी असताना, उभ्या जागी कोसळला. त्याच्या हृदयाचे ठोके मधूनच बेताल पळत. डॉ. पद्मजा किणीकरांनी त्याला मुंबईच्या इस्पितळात पाठवलं. हृदयाला जाणाऱ्या मज्जातंतूंचं चित्र काढायची सोय तिथे नुकतीच झाली होती. शिरेतून औषध सोडलं की जिवंत तंतू चित्रात उजळत, मेलेल्यांची जागा काळी राही. काळोख कुठे आणि किती, ते पाहून गोळ्या द्यायच्या की मानेजवळचा तंतू कापायचा, हे डॉक्टर ठरवणार होत्या.

कापायला सयाजी तयार नव्हता. त्याला ऑपरेशनपेक्षा कृष्णातची धास्ती होती. कृष्णात राखीव गोलकीपर, शिवाय जोतीराम वस्तादांचा भाचा. तो एकदा गोलात उभा राहिला की आपण कायमचे बाकावर, हे सयाजी ओळखून होता.

चित्र घेऊन एसटीतून उतरला तो थेट तालमीत गेला. वस्ताद खूश झाले. पेठेत सामन्यात जिंकलेल्या ढालीसोबतचे फोटो घरोघर होते. काळजाचा फोटो कुणाचाच नव्हता. त्यांनी तो काचेच्या चौकटीत बसवला आणि मोकळा दिसला त्या खिळ्यावर टांगला. खिळा दिवंगत पैलवानांच्या रांगेतला होता. सकाळी पूजेला आलेल्या माणसानं रांगेतल्या सगळ्यांना हार घातले, गंध लावलं. सयाजीच्या काळजालाही.

चित्र आलं नाही म्हणून डॉक्टर स्वतः तालमीत आल्या. चपला बाहेर काढून भिंतीपाशी गेल्या.

"मला पाहायचंय नेमकं तिथेच गंध आहे. फोटो जरा खाली घ्या."

"हार पडलेला फोटो दहावं झाल्याबिगर उतरत न्हाय," वस्ताद म्हणाले.

"अहो, पण माणूस जिवंत आहे."

"माणसाला कोण काय म्हणतंय? आमी फोटूचं बोलतोय."

सयाजी शेजारीच शेंगा फोडत बसला होता. "मग दहावं घालून टाका की, वस्ताद."

"घाला," त्याची बायको बयाबाई म्हणाली, "पर मी कुंकू पुसणार न्हाय. आदीच सांगून ठेवते."

पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे पलीकडच्या भिंतीवर ओळीनं बसले आणि बसूनच राहिले. म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली होती; ती पुरी करायचा शब्द दिल्याशिवाय कावळा शिवणार नव्हता.

वस्तादांनी हात जोडले. "बयाबाईला सांभाळू."

"मला कशाला? हे हायत की."

"म्हशीला वैरण कमी पडू देनार न्हाय."

एका कावळ्यानं तोंड फिरवलं.

सयाजी पायरीवर सावलीला बसला होता. डॉक्टर म्हणाल्या, "त्यांनाच विचारा ना, काय राहिलंय ते."

"आसं कुठं आसतंय व्हय, बाई?" वस्ताद म्हणाले. गेलेल्याला विचारायची पद्धत नव्हती.

भात उन्हानं वाळू लागला. इच्छा कोणती ते घाटावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. वस्तादांनी भाच्याकडे एकदा पाहिलं, मग भिंतीवरच्या कावळ्यांकडे.

"सयाजी बरा झाला की गोलात त्योच. कृष्णात बाकावर."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"मामा, त्याला भूक लागली आसंल," कृष्णात म्हणाला.

"गप बस. शब्द दिलाय."

फोटो खाली आला. डॉक्टरांनी ओल्या कापसानं गंध पुसलं आणि चौकट उजेडाकडे धरली. काळोख त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा होता.

"नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. तंतू कापावा लागेल. यंदाची फायनल विसरा."

"कापा," सयाजी म्हणाला. "आता काय घाई न्हाय."

फायनलला कृष्णात उभा राहिला आणि चांगला खेळला. तरी पुढच्या हंगामात गोलकीपरची जर्सी सयाजीच्या अंगावर होती. पहिल्याच सामन्यात गोलाच्या आडव्या खांबावर एक कावळा येऊन बसला. पंच त्याला हुसकायला निघाले, तसे वस्ताद मैदानाबाहेरून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्येला. साक्षीला आलाय त्यो."