पोटातलं पाणी

धाकटीने आईला दवाखान्यातून आणून सोडलं तेव्हा मी आईच्या दारातच उभी होते. आईच्या मणक्याची तक्रार जुनी, गाडीतून उतरताना ती नेहमी कण्हते. त्या दिवशी कण्हली नाही. चपला काढता काढता म्हणाली, "छकुलीच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही बाई. माझा तर डोळाच लागला."

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मागच्या खेपेला त्याच दवाखान्यात, त्याच रस्त्याने मीच तिला नेलं होतं. तेव्हा वाटभर "हळू गं, खड्डा गं" चाललं होतं आणि उतरल्यावर कौतुकाचा एक शब्द नाही. छकुलीने नेलं की मात्र पाणी हलत नाही! छकुली म्हणजे माझी धाकटी बहीण. बँकेत साहेबीण आहे, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो, चाळिशी कधीच उलटली, तरी छकुली. मी मात्र ती जन्मली त्या दिवशी ताई झाले ती झालेच. छकुलीला ये बस म्हणतात, ताईला पिशवी धर म्हणतात.

पण खरा प्रश्न मावशीचा होता. आईची ही थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती आणि आईला तिला भेटायचं होतं. गाव लांब, पोचायला अख्खी सकाळ जाते. आम्ही दोघींनीही "मी नेते" म्हटलं. आई म्हणाली, "ज्या गाडीत माझी पाठ टिकेल तिच्यात बसेन." म्हणाली अगदी साधेपणाने, पण बोट कुठल्या गाडीकडे होतं ते न कळायला मी काही दूधखुळी नाही.

मला ती सकाळ हवी होती. आई एकटी, माझ्या एकटीच्या वाट्याची. घराखालीच माझं शिवणकामाचं दुकान आहे. आई येते, खुर्चीत टेकते, जरा कुठे गप्पा रंगतात तोच कुणीतरी पँटची उंची कमी करायला येऊन उभं राहतं आणि आई म्हणते, "चल, तू कामात आहेस." छकुली जन्मल्यापासून आई मला अशी सलग मिळालेलीच नाही. पन्नाशीला टेकलेल्या बाईने असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

"अहो, आपल्या गाडीचे शॉकअप बदलायचे," मी जेवताना जाहीर केलं.

"चांगले आहेत की," आमचे हे म्हणाले.

"कुणासाठी? बटाट्यांसाठी?"

हे छापखान्यात प्रूफं तपासतात. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतात आणि घरी आले की स्वतःची एकही सापडत नाही. गॅरेजवाल्याने कंपनीचे शॉकअप सुचवले, ते आमच्या आवाक्याबाहेरचे होते. मग यांनी नेटवरून एका कधी न ऐकलेल्या कंपनीचा स्वस्तातला संच मागवला. पुढचे दोन स्प्रिंगसकट जोडलेले, मागच्यांच्या स्प्रिंगा वेगळ्या. सगळ्या स्प्रिंगा लालभडक. रंग बघूनच हे भाळले.

"लग्नाच्या वेळीही तुम्ही असेच रंगावर गेला होतात," मी म्हटलं.

"आणि बघ, अजून टिकलंय," हे म्हणाले.

गॅरेजवाला म्हणाला, बाहेरचा माल मी बसवत नाही. म्हणून रविवारी इमारतीखाली गाडी जॅकवर चढवली आणि हे मोबाइलवर व्हिडिओ लावून कामाला लागले. एक बोल्ट इतका गंजला होता की हे त्याच्याशी बोलायला लागले, आधी गोडीत, मग शिव्या देत. शेवटी मी दुकानातून मशीनचं तेल आणून त्यावर ओतलं आणि पान्यावर पाय देऊन उभी राहिले. करकचून आवाज झाला आणि बोल्ट सुटला. जुना शॉकअप हातात घेऊन दाबला, तर दाबला तसा खाली गेला आणि आळशी जावयासारखा तिथेच बसला. वर यायचं नाव नाही. इतकी वर्षं मी आईला यावर बसवून फिरवत होते, हे बघून मला लाज वाटली, आणि लगेच छकुलीचा राग आला. तिचा काय संबंध? काही नाही. पण आला.

दुपारी चाकं लागली, गाडी खाली उतरली. मागून जरा जास्तच उंच दिसत होती.

"नवीन आहेत, बसतील," हे म्हणाले.

आता परीक्षा. मी स्वयंपाकघरातून स्टीलचं पातेलं आणलं, काठोकाठ पाणी भरलं आणि यांना पातेलं मांडीवर देऊन मागच्या सीटवर बसवलं, आईच्या जागी.

"हे काय आता?"

"पोटातलं पाणी," मी म्हटलं आणि गाडी काढली.

दवाखान्यापुढच्या गतिरोधकावर मागून "अगं आई गं!" ऐकू आलं. पाइपसाठी खणलेल्या रस्त्यावर पोचेपर्यंत पातेलं रिकामं झालं होतं आणि यांची पँट भरली होती. शिवाय मागून प्रत्येक खड्ड्याला कर्रकर्र आवाज. जुने शॉकअप निदान गप्प तरी होते.

मी रडायच्या बेतात होते. डोळ्यांसमोर छकुली आईला घेऊन निघालेली दिसत होती, मागे उशी, पुढे मंद गाणी.

घरी येऊन मी तो व्हिडिओ स्वतः बघायला घेतला. हे म्हणाले, "शेवटी काही नाही त्यात, फक्त बोल्ट आवळायचे राहतात, मी बंद केला होता." मी तेच शेवटचं लावलं. व्हिडिओतला माणूस गाडी जमिनीवर टेकवत होता, आणि मग खाली झोपून मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट आवळत होता. त्या बोल्टाभोवती रबराचं जाड कडं असतं, बुश म्हणतात त्याला. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला की रबर तसंच पकडलं जातं, आणि गाडीचं वजन आलं की त्याला पीळ बसतो. मग ते करकरतं आणि गाडी ताठ राहते.

"तुम्ही हवेतच आवळलेत ना?"

"हो, मग काय झालं?"

"अहो, कुणाची पँट टेबलावर पसरून तळ दुमडतात का? माणूस उभा करायचा, बूट घालायला लावायचे, आणि मग टाचणी लावायची! दुसऱ्यांच्या प्रुफाची शेवटची ओळ अशीच सोडता का?"

हे निमूटपणे पुठ्ठा पसरून गाडीखाली गेले. बोल्ट सैल केले. मी मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून हलवला, गाडी हुश्श करून खाली बसली, आणि मग यांनी सगळे पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं आणि पातेलं पुन्हा यांच्या मांडीवर ठेवलं. या वेळी पाणी डुचमळलं, काठापर्यंत आलं, चार थेंब सांडले, बस्स.

एवढ्यावर थांबेल ती मी कसली? छकुलीकडे गेले आणि म्हटलं, "कापडाचा गठ्ठा आणायचाय, तुझी गाडी दे जरा." तिने हसत किल्ली दिली. वर "ताई, पेट्रोल भरलंय हं, काळजी करू नकोस" असंही म्हणाली. तिचा हा चांगुलपणा मला कधीच सहन होत नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आम्ही तिच्या गाडीत पातेलं घेऊन त्याच रस्त्याने गेलो. ओंजळभर पाणी सांडलं.

"आपल्यापेक्षा जास्त!" मी ओरडले. सीट पुसून गाडी परत केली, आणि त्या दिवशी दुकानात मी गाणं म्हणत शिलाई केली.

आईला मंडईपर्यंत फिरवून आणलं. ती म्हणाली, "सुधारली की गाडी. मग तुझ्याबरोबरच जाऊ." छकुली म्हणाली, "बरं झालं, मला रजाही नव्हती." माझ्या विजयावर असं पाणी ओतायची काही गरज होती का? पण मी गिळलं. सकाळ माझी होती.

निघालो. आई मागच्या सीटवर उशी घेऊन कलंडली. मी जिवाचा कान करून गाडी चालवत होते. कुठे करकरतंय का, कुठे आपटतंय का. समोरचा प्रत्येक खड्डा चुकवत होते. एरवी माझं मशीन थांबतं पण तोंड थांबत नाही असं हे म्हणतात, पण त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. आमचं गाव मागे पडलं आणि आरशात पाहिलं, तर आईचे डोळे मिटलेले. तोंड जरासं उघडं. जिंकले! माझ्या गाडीत आई झोपली!

थोडा वेळ मी त्याच तोऱ्यात होते. मग शेतं गेली, पूल गेला, आई झोपलेलीच. चहाला थांबू का, असं हळूच विचारलं, उत्तर नाही. सकाळ निम्मी सरली आणि माझ्या हाती काय आलं? घोरणं. पुढचा एक खड्डा मी चुकवला नाही. मुद्दाम. गाडीने तो पचवला, आई हललीसुद्धा नाही.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं. त्या शांततेने आई चाळवली. पडल्या पडल्या तिला माझी पाठच दिसत असणार.

"छकुले, आलं का गं?"

मी आहे, ताई, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आई तशीच झोपेत पुढे बोलली.

"तू गाडीत काही बोलतच नाहीस. म्हणून मला झोप लागते."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. "आणि ताई बोलते?" मी विचारलं. आवाज बारीक ठेवला, छकुलीसारखा.

"ताई?" आई झोपेतच हसली. "तिच्या गाडीत हाडं खिळखिळी होतात, पण डोळा मिटायची सोय नाही. गिऱ्हाइकांच्या काय नकला करते, नवऱ्याच्या काय करते! हसून हसून पाठ दुखायची विसरते. रस्ता कधी सरला ते कळत नाही." तिने जांभई दिली. "आज ताई असती तर मजा आली असती. पण ती बिचारी दुकान टाकून कुठे येणार."

आयुष्यभर मी छकुलीचा हेवा केला. त्या फाटकापाशी मला ताईचा हेवा वाटला, त्या खडखडणाऱ्या गाडीतल्या बडबड्या बाईचा, जिला आई मिळत होती आणि जिला ते कळतही नव्हतं.

आगगाडी धडधडत निघून गेली, फाटक वर झालं, मागच्याने हॉर्न दिला.

"आई, अगं मीच आहे, ताई!" मी वळून म्हटलं. "ऐक ना, परवा एक गिऱ्हाईक आलं, एवढं पोट, आणि म्हणतं कसं..."

आईचा डोळा पुन्हा लागला होता. मी तरी सांगत राहिले, मोठ्याने, हातवारे करून, त्या पोटवाल्याची नक्कल पूर्ण केली. आणि आमची गाडी रुळांवरून इतकी अलगद गेली, की आईला जागही आली नाही.