ळ आणि ण

१९३६ साली लोणावळ्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात दत्तोबा मास्तर बदलून आले. पुण्यात ट्रेनिंग घेतलेलं, उत्साह दांडगा. सातवीच्या अकरा मुलांना त्यांनी पहिल्याच आठवड्यात बीजगणित सुरू केलं. वर्गातल्या चिंगीच्या टोपलीत करवंदं किती, हे कुणी मोजलेलं नाही. तर त्या आकड्याला आपण अ म्हणू. हिरीच्या करवंदांना ब. चिंगीकडं हिरीपेक्षा पाच कमी. मग फळ्यावर लिहिलं : अ = ब − ५.

मुलांना ते समजलं. गावाला वेगळंच समजलं.

शाळा कमिटीचे चेअरमन होते अंबाजी. लोकल बोर्डाच्या निवडणुकीत त्यांना पाडलं होतं बजरंग पाटलांनी. संध्याकाळपर्यंत पारावर बातमी पोचली, की शाळेत अ हा ब पेक्षा पाचानं कमी निघाला.

दुसऱ्या दिवशी अंबाजी फेटा बांधून वर्गात आले. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं, की अ म्हणजे कुणी माणूस नव्हे, ती कुठलीही संख्या असू शकते.

"कुटलीबी चालती ना?" अंबाजी म्हणाले. "मंग मोठी घ्या की. तुमच्या घरचं काय जातंय?"

नोकरी नवी होती. मास्तरांनी फळा पुसला आणि लिहिलं : ब = अ − ५. तिसऱ्या दिवशी बजरंग पाटील आले. त्यांना खुर्चीही नको होती.

दोघांना समान करून पाहावं, तर दोघेही एकदम आले असते. मास्तरांनी त्या दिवशी भूगोल शिकवला. शाळा सुटल्यावर ते भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. अख्ख्या गावात कोणाचंच नाव ज्यांनी सुरू होत नव्हतं, अशी दोन अक्षरं त्यांना सापडली. पुढचं सगळं बीजगणित ळ आणि ण यांवर चाललं, आणि छान चाललं.

दिवाळीनंतर तपासणीला डिपटीसाहेब आले. शेजारी अंबाजी बसले होते. फळ्यावर ३ळ + २ण पाहून साहेबांच्या कपाळाला आठी पडली. हीच अक्षरं का, असं त्यांनी वर्गाला विचारलं.

चिंगी उभी राहिली. ठाकरवाडीतून रोज डोंगर उतरून येणारी ही पोर कुणाची भीड बाळगत नसे.

"साहेब, ळ नी ण नावाचं गावात कोण मोठं न्हाई," ती म्हणाली. "म्हणून त्यांची खरी किंमत काढता येती."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि शेरा लिहिला : गणित उत्तम. अंबाजींनी मान डोलावली. त्या उत्तरातली मेख त्यांना घरी गेल्यावर त्यांच्या पत्नी नंदाबाईंनी समजावून सांगितली.

महिन्याभरात मास्तरांची बदली झाली. हुकुमात कारण दिलं होतं, अक्षरओळख नीट नाही. चिंगी त्या वर्षी सातवीची फायनल परीक्षा पास झाली. बदलीच्या अर्जावर अंबाजी आणि बजरंग पाटील, दोघांचेही अंगठे होते. निवडणुकीनंतर ते प्रथमच एका कागदावर आले होते.