एकच गाणं दोनदा

गाणी ऐकवणारा सर्व्हर तिच्या भावाने लिहिला होता आणि त्यातल्या चुका शोधायचं काम तिचं. ऑफिस म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचे कप हलायचे. दादा तिला ‘खोडकिडा’ म्हणायचा, आणि तिनेही ते नाव मुकाट्याने पत्करलं होतं.

नव्या आवृत्तीत प्लेलिस्ट येणार होती. आपल्या आवडीची गाणी निवडायची, ओळीने लावायची, नको ती काढायची. तिने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. नावं बदलली, गाणी वरखाली केली, मध्येच इंटरनेट तोडलं. काही हाती लागेना. मग दादाने शुक्रवारी दुपारी आवृत्ती सोडणार, असं लोकांना कळवून टाकलं.

शुक्रवारी सकाळी आत्याचा फोन आला. आत्या बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायची आणि भाचरांच्या कौतुकापोटी नवी आवृत्ती आधीच वापरत होती.

“अगं, माझ्या हातून काहीतरी बिघडलं वाटतं,” ती ओशाळून म्हणाली. “आज उशीर झाला म्हणून शेवटचं गाणं काढलं, तर पहिलंही गायब.”

“दोन्ही एकच होती का?”

“हो गं. ज्या गाण्यावर अंग सैल करायचं, त्यावरच शेवटी दम खायचा. बायकांना सवय झालीय त्याची.”

तिने करून पाहिलं. एक काढलं, दोन्ही गेली. तिला स्वतःचाच राग आला. एवढा खटाटोप केला, पण गाणी दर वेळी वेगवेगळीच घेतली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“एकच गाणं दोनदा कोण लावतं?” दादा म्हणाला.

“आत्या.”

“एकटी आत्याच ना? आज सोडू, पुढच्या खेपेला दुरुस्त करू. मी लोकांना शब्द दिलाय.”

“शब्द तू दिलास. पण सगळं तपासलंय, हे मी सांगायचं. मी तसं नाही सांगणार, दादा.”

ती हळूच बोलली होती. हा सूर दादाला लहानपणापासून ठाऊक होता. त्याने खुर्ची पुढे ओढली.

सर्व्हर गाणं नावावरून ओळखत होता, रांगेतल्या जागेवरून नाही. ‘हे काढ’ म्हटलं की त्या नावाचं सापडेल ते सगळं झाडून काढायचा. जेवायच्या वेळेपर्यंत दादाने ते सुधारलं. तिने पुन्हा तपासलं, तर आता त्या दोन सारख्या गाण्यांतलं वरचं हलवलं की खालचंच हलायचं. आगीतून फुफाट्यात.

दादाने डोळे चोळले आणि आपणहूनच लोकांना लिहिलं, की आवृत्ती सोमवारी येईल. कोणी रागावलं नाही. एका बापाने एवढंच विचारलं, की बाळाला झोपवायला एकच गाणं दहा वेळा लागतं, ते चालेल का?

“चालेल म्हणून लिही,” ती म्हणाली.

“आधी तू तपास,” दादा म्हणाला.

सोमवारी आवृत्ती गेली. मंगळवारी आत्याचा फोन आला नाही, तेव्हा हिनेच केला.

“चाललं का गं, आत्या?”

“न चालायला काय झालं?” आत्या म्हणाली, आणि आपल्या गुडघ्याविषयी बोलू लागली.